अण्णांचा रविवार

गुरुवारी सकाळी आमच्या भागातल्या न्हाव्याच्या दुकानात बसायला जागा मिळत नाही. गुरुवारी केस कापू नयेत असं माझी आई सांगायची, बहुतेकांच्या आया सांगत असतील. पण भोसरीपासून चाकणपर्यंतच्या कितीतरी कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी असते ती गुरुवारची. विजेच्या वाटपासाठी कधीकाळी तसं ठरलं आणि तसंच राहिलं. त्यामुळे इथल्या कामगाराला गुरुमहाराज आणि न्हावी यांतला एक निवडावा लागतो, आणि तो बहुधा न्हावी निवडतो. मटणाचंही तेच. सुट्टीच्या दिवशी सगळ्यांनी मिळून रस्सा ओरपावा म्हटलं, तर बायकोचा गुरुवार असतो. पोरं शाळेत, बायको उपासाला आणि नवरा एकटा पलंगावर लोळत पडलेला, अशी आमची सुट्टी. रविवारी सगळं जग मजा मारत असतं तेव्हा आम्ही डबा घेऊन नाशिक फाट्यावर कंपनीच्या बसची वाट बघत असतो.

माणिकअण्णा बिराजदारांबद्दल लिहायचं तर हे आधी सांगणं भाग आहे. अण्णांच्या आयुष्यात जे जे चांगलं होतं ते नेमकं रविवारी असायचं, आणि रविवारी अण्णा कामावर असायचे. अण्णांना जाऊन आता वर्ष होत आलं. मी अजून नोकरीत आहे, त्याच बसने जातो, आणि हल्ली बसमध्ये कुणी सहज 'रिटायर झाल्यावर बघू' म्हणालं की मला उगाचच त्याचा राग येतो.

आमच्या कंपनीत गाड्यांचे पत्र्याचे भाग बनतात. अण्णा प्रेस शॉपमध्ये होते, म्हणजे जिथं घराएवढाली यंत्रं पत्र्यावर धाडकन बसून त्याला आकार देतात तिथं. मी तयार माल तपासणारा, त्यामुळे दिवसातून दहादा माझी तिथं चक्कर व्हायची. प्रेस शॉपमध्ये तोंडानं बोलण्यात अर्थ नसतो. तिथली भाषा हातांची. अंगठा तोंडाकडे नेला की चहा. दोन्ही खांद्यांवर बोटं टेकवली की साहेब येतोय. अण्णांची स्वतःची अशी एक खूण होती. उजवा हात समोर लांबवर न्यायचा आणि काहीतरी उचलून पलीकडे ठेवल्यासारखा हवेत टेकवायचा. तिचा अर्थ, 'रिटायर झाल्यावर'. ही खूण ते इतक्यांदा करायचे की नवीन पोरांना वाटायचं, यंत्रातच तसं काहीतरी करायचं असतं.

माणूस उंचापुरा, सावळा, मिशी जाड आणि हसणं एकदम लहान मुलासारखं. अहमदपूरकडच्या एका खेड्यातून तरुणपणी इकडे आले, कासारवाडीत एका खोलीत राहिले, पुढे चिखलीला फ्लॅट घेतला. पण गावाकडची बोली त्यांनी सोडली नाही. आणि सोडलं नाही ते नव्या वस्तूवरचं प्लास्टिक. त्यांच्या स्कूटरच्या सीटवर दुकानातून आलेलं प्लास्टिक होतं, उन्हानं तडकून त्याच्या चिंध्या झाल्या तरी होतं. घरातल्या सोफ्यावर होतं, त्यामुळे त्यांच्याकडे बसलं की उठताना आपल्याला कुणीतरी सोलतंय असं वाटायचं. दिवाळीचा शर्ट घडीतच कपाटात जायचा. कंपनीनं कानात घालायला दिलेले बोळेसुद्धा अण्णा न वापरता जपून ठेवायचे. एक तर ते घातले की कान खाजतो अशी त्यांची तक्रार, आणि दुसरं म्हणजे प्रेस शॉपच्या जुन्या माणसांत अशी समजूत होती की बोळे हे नव्या पोरांसाठी आणि पाहुण्यांसाठी असतात. जुन्या माणसानं ते घालणं म्हणजे पट्टीच्या पोहणाऱ्यानं डबा बांधून विहिरीत उतरण्यासारखं.

"अण्णा, घाला हो ते," मी एकदा म्हणालो.

"नवे हायत. ऱ्हाऊ दे," अण्णा म्हणाले.

आंब्याच्या दिवसांत कॅन्टीनमध्ये आमच्या टेबलावर दरवर्षी एकच भांडण व्हायचं. टेबलावर तिघं असायचो, मी, अण्णा आणि टूलरूमचे युसूफभाई. युसूफभाई चिंचवडचे, पिढ्यान्‌पिढ्या तिथलेच. डब्यातला सगळ्यात पिवळाधमक आंबा ते आधी उचलायचे आणि डोळे मिटून खायचे. अण्णा डाग पडलेला आंबा शोधायचे. तो कापून, कुजका भाग बाजूला काढून, उरलेला खायचे. चांगला उद्यासाठी. उद्यापर्यंत चांगल्यालाही डाग पडायचा, म्हणजे उद्याही डागीच. असा हा माणूस सबंध मोसम डागी आंबे खायचा आणि चांगले आंबे घरात आहेत या समाधानात असायचा.

"अण्णा, तुमच्या नशिबात चांगला आंबा नाय का तुमीच ठेवलेला नाय?" युसूफभाई विचारायचे.

"चांगली गोष्ट घाईनं खाऊ नये. सवडीनं बसून खावी."

"सवड आली अन् दात गेले तर?"

यावर अण्णा मोठ्यानं हसायचे. प्रेस शॉपच्या माणसांचं सगळंच मोठ्यानं.

देवाचंही त्यांनी असंच ठेवलं होतं. अण्णा नास्तिक मुळीच नव्हते. बस देवळावरून गेली की हात छातीशी जायचा, ओठ हलायचे. पण देवळात जाणं नाही, पोथी नाही, घरी पूजा वहिनींनी करायची. गुरुवारी सुट्टी असूनही निम्मे गुरुवार ओव्हरटाइमला जायचे. युसूफभाई शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत घास अर्धा टाकून नमाजाला पळायचे, घामाघूम होऊन परत यायचे आणि उरलेलं गार जेवण इतक्या आनंदानं खायचे की बघत राहावं. अण्णा त्यांना म्हणायचे, "एवढी पळापळ कशाला करायलाव? देव कुठं पळून जायलाय का? रिटायर झालं की रोज सकाळ-संध्याकाळ देवळातच बसणार हाय मी."

"देव नाय पळून जाणार अण्णा," युसूफभाई म्हणाले, "आपण जाणार."

पण या सगळ्या राखून ठेवलेल्या गोष्टींत अण्णांची खरी ठेव होती ती म्हणजे सुलोचनावहिनींचा आवाज.

ही गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली, बसमध्ये, शेजारी बसून, आणि सांगताना हा एवढा धिप्पाड माणूस लाजत होता. मुलगी बघायला गेले तेव्हा कुणीतरी म्हणालं, पोरगी गाते. वडिलांनी म्हण म्हटलं आणि वहिनींनी खाली बघत एक गौळण म्हटली. अण्णांनी तिचं तोंडसुद्धा नीट पाहिलं नव्हतं. घरी येऊन आईला म्हणाले, हीच. "लेका, अंगावर काटा आलता," अण्णा म्हणाले, आणि मला हातावरचा तो काटा दाखवायला लागले, जणू तो अजून तिथंच होता.

लग्न झालं, दोघं कासारवाडीच्या खोलीत आले, आणि संसाराच्या रगाड्यात गाणं स्वयंपाकघरातल्या गुणगुणण्यापुरतं राहिलं. मुलं मोठी झाल्यावर वहिनी चिखलीच्या विठ्ठल मंदिरातल्या महिला भजनी मंडळात जाऊ लागल्या. मंडळात शिक्षिका होत्या, नर्सबाई होत्या, म्हणून भजन रविवारी दुपारी. अण्णा रविवारी दुपारी प्रेसवर. वहिनी म्हणायच्या, एकदा रजा काढा आणि ऐकायला या. अण्णा म्हणायचे, तसं उभ्या उभ्या येऊन काय ऐकायचं? डोक्यात प्रेस घेऊन काय ऐकायचं? रिटायर झालो की दर रविवारी पहिल्या रांगेत मांडी घालून बसतो, निवांत ऐकतो. आणि ते टाळायचं म्हणून बोलत नव्हते हो, हे मला शपथेवर सांगता येईल. त्यांना खरोखरच तसं वाटायचं. त्या रविवारांची ते अशी वाट बघायचे की दुसऱ्या कशाची बघताना मी त्यांना पाहिलं नाही.

एकदा मंडळ राजगुरुनगरला भजन स्पर्धेत गाणार होतं. रविवार होता. राजगुरुनगर म्हणजे चाकणच्या आमच्या कंपनीवरून पुढे सरळ रस्ता. बायकांची गाडी चाकणवरूनच जाणार. वहिनींनी काय केलं, गाडी आमच्या गेटसमोर थांबवायला लावली आणि वॉचमनला म्हणाल्या, बिराजदारांना बोलवा, त्यांना घेऊन जायचंय. वॉचमननं आत फोन केला. सुपरवायझर भला माणूस होता. तो स्वतः अण्णांच्या प्रेसपाशी गेला आणि खुणेनं म्हणाला, जा, मी माणूस लावतो. मी तिथंच उभा होतो.

अण्णांनी एक क्षण यंत्र थांबवलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरलेलो नाही. पाय निघाला होता त्यांचा. मग त्यांनी स्वतःच्या तेलकट कपड्यांकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, उजवा हात समोर लांबवर नेला आणि हवेत टेकवला. पुन्हा यंत्र चालू केलं.

निरोप घेऊन मीच गेटवर गेलो. गाडीतल्या साऱ्या बायका एकसारख्या निळ्या साड्यांत, कुणाच्या मांडीवर टाळ, कुणाच्या मांडीवर पेटी. वहिनी खाली उतरून गेटाच्या सळ्या धरून उभ्या होत्या. गजरा घातलेला होता. इतक्या वर्षांत मी त्यांना गजरा घातलेलं पाहिलं नव्हतं. म्हटलं, "वहिनी, अण्णा म्हणतात तुम्ही पुढे व्हा."

"हात असा केला असेल," त्या म्हणाल्या, आणि तो हात त्यांनी करून दाखवला, हुबेहूब. गाडीतल्या बायका हसल्या. वहिनीही हसल्या. मग गाडीत चढल्या आणि खिडकीशी न बसता पलीकडे जाऊन बसल्या.

मंडळाला बक्षीस मिळालं. दुसऱ्या दिवशी अण्णांनी सगळ्या प्रेस शॉपला पेढे वाटले. "कसं म्हटलं वहिनींनी?" कुणीतरी ओरडून विचारलं. "एक नंबर!" अण्णा ओरडले.

अण्णा रिटायर झाले तेव्हा शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. चार शब्द बोला म्हटल्यावर त्यांनी माईक तोंडापासून लांब धरला आणि म्हणाले, "आता रविवारी मी घरी हाय." एवढंच. आम्ही खूप टाळ्या वाजवल्या. युसूफभाईंच्या डोळ्यांत पाणी होतं.

पुढचं मला वहिनींकडून तुकड्यातुकड्यांनी कळलं. पहिल्या रविवारी अण्णा सकाळीच आंघोळ करून बसले. कपाटातला एक नवा शर्ट काढला. प्लास्टिक फाडलं, तर घडीवर शर्ट पिवळा पडलेला. तसाच घातला. देवळात पहिल्या रांगेत मांडी घालून बसले. घरी आल्यावर वहिनींना म्हणाले, "आज घसा बसलाय व्हय तुझा?" वहिनी म्हणाल्या, नाही. पुढच्या रविवारी म्हणाले, "जरा आवाज काढून म्हण की. ती पखवाजवाली पार दाबून टाकायलीय तुला." वहिनींनी पुढच्या वेळी आवाज चढवला. त्याच्या पुढच्या वेळी अण्णा रांग सोडून आणखी पुढे सरकून बसले, जवळजवळ बायकांच्या मांडीला मांडी लावून. बायका संकोचल्या. तेव्हा वहिनींच्या लक्षात आलं.

प्रेस शॉपचा माणूस मोठ्यानं बोलतो, त्याच्याशी सगळे मोठ्यानं बोलतात, टीव्ही मोठा असतो, तो समोरच्याच्या ओठांवरून निम्मं समजून घेतो. यात नवल असं कुणालाच वाटत नाही. आमच्या बसमध्ये निम्मे लोक तसेच आहेत. वहिनींना कुकरची शिट्टी अण्णांना ऐकू येत नाही हे माहीत होतं, पण त्या म्हणायच्या, पुरुषांचं स्वयंपाकघरात लक्ष कुठं असतं!

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं. जाड आवाज थोडेफार येतात, बारीक आवाज गेले. बायकांचे, लहान मुलांचे, पाखरांचे. वर्षानुवर्षं यंत्राजवळ उभं राहून गेले, आणि गेले ते परत यायचे नाहीत. म्हणून अण्णांना पखवाज ऐकू यायचा आणि वहिनी ऐकू यायच्या नाहीत. कानाला लावायचं मशीन घेतलं. ते लावून देवळात गेले, तर टाळ कानात खिळ्यासारखे घुसायला लागले आणि वहिनींचा आवाज पत्रा घासल्यासारखा यायला लागला. अण्णांनी ते काढून ठेवलं. "हा आवाज तिचा न्हवं," ते म्हणाले.

त्यानंतर एका संध्याकाळी ते मला नाशिक फाट्यावर बस सोडते तिथं भेटले. मुद्दाम मला गाठायला आले होते. आम्ही टपरीवर चहा घेतला. रोज देवळात जाता का, मी ओठ नीट हलवत विचारलं.

"जातो की. सकाळ-संध्याकाळ जातो." मग चहाचा ग्लास खाली ठेवला. "पण बसल्यावर काय करायचं ते कळंना लेका. हात जोडतो. मग? मग काय म्हणायचं असतंय? युसूफभाईचं बघ, तो बसला की बोलतच असायचा देवाशी. सवय पाहिजे हुती. एकदम म्हातारपणी जाऊन काय बोलावं त्याच्याशी? वळख न्हाई पाळख न्हाई."

मी दुसरा चहा सांगितला. निघताना त्यांनी माझा दंड धरला आणि म्हणाले, "येत्या रविवारी देवळात ये. उत्सव हाय. सुलोचना एकटी म्हणणार हाय, मंडळाबरोबर न्हवं. तू ये. काम हाय तुझ्याकडं."

अण्णा गेले ते पुढे काही महिन्यांनी, झोपेत. मी भेटायला गेलो तेव्हा वहिनी कपाट आवरत होत्या. पलंगावर घडीच्या शर्टांची चळत होती. गावाकडच्या पुतण्यांना देणार म्हणाल्या. एक शर्ट हातात घेऊन प्लास्टिकवरून हात फिरवत राहिल्या. "मी कधी रागावले नाही हो त्यांच्यावर," त्या म्हणाल्या. "गेटवरून परत पाठवलं तेव्हासुद्धा नाही. रागवायला पाहिजे होतं. हात धरून ओढून न्यायला पाहिजे होतं. मला वाटायचं, माणूस एवढी वाट बघतोय आपली, रागवायचं कशाला?" मग त्या शर्ट ठेवून आत चहा करायला गेल्या. त्या आता गातात की नाही हे विचारायचा मला धीर झाला नाही.

अण्णांनी देवळात बोलावलं होतं त्या रविवारी मी रजा टाकली होती. सुपरवायझरनं विचारलं, रविवारी कशाला, कुणाचं लग्न आहे? मी हो म्हटलं. देऊळ भरलेलं होतं. अण्णांनी पहिल्या रांगेत माझ्यासाठी जागा धरून ठेवली होती आणि मी बसताच त्यांनी माझा गुडघा दाबला. मशीन लावलेलं नव्हतं. दाढी गुळगुळीत, कपाळाला बुक्का. वहिनी पेटीवाल्या बाईंच्या शेजारी बसल्या होत्या. त्यांनी एकदा अण्णांकडे पाहिलं, डोळे मिटले आणि सुरुवात केली.

मला गाण्यातलं काही कळत नाही. माझं काम पत्र्याला चीर आहे का, कडा सरळ आहेत का हे बघायचं. पण त्या आवाजानं देवळातली कुजबुज बंद झाली. दारात उभी असलेली माणसं चपला काढून आत आली. माझ्या हातावर काटा आला आणि मी तो झाकला, कारण अण्णा शेजारी होते.

दुसऱ्या कडव्याला अण्णांनी मला कोपरानं ढोसलं. त्यांना वाटत होतं की ते हळू बोलताहेत. सगळ्या देवळाला ऐकू गेलं.

"कशी म्हणायलीय रे?"

"छान," मी म्हणालो.

"छान म्हंजी कशी?"

मी तोंड उघडलं. गोड म्हणावं? खडा आवाज म्हणावं? मोकळा? एकही शब्द पुरेना. समोर वहिनी डोळे मिटून शेवटच्या कडव्यावर आल्या होत्या, त्यांच्याकडे सारं देऊळ बघत होतं, आणि अण्णा त्यांच्याकडे पाठ करून, श्वास धरून, माझ्या ओठांकडे बघत बसले होते.